बेरी सेंट एडमंड्स: बाजार गावाचा, हक्क मठाचा

केंब्रिजला राहणारे एक वाचक सुट्टीच्या दिवशी सफोकमधल्या बेरी सेंट एडमंड्सला जाऊन आले आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. गाव तसं छोटं, बाजाराचं; मग तिथल्या पडक्या मठाला किल्ल्यासारखा दरवाजा कशासाठी, कोणाच्या हल्ल्याची भीती होती? आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या गावाचे रस्ते इतके सरळ कसे? आणि आपल्याकडे पेठा वसवल्या जायच्या, तसाच हा प्रकार होता का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. दरवाजा गावकऱ्यांना अडवण्यासाठी बांधला. १३२७ साली गावाने मठावर चाल केली, आधीचा दरवाजा फोडला आणि त्यानंतर मठाने हा नवा उभा केला. पण गाव इतकं का चिडलं हे समजायला दोन-अडीचशे वर्षं मागे जावं लागतं. भांडणाच्या मुळाशी बाजार होता. तिथे धान्य, मासे, कातडी, कापड विकणारे गावकरी, घेणारेही बरेचसे गावकरीच. पण बाजार भरवण्याचा हक्क, जकात, गाळ्यांचं भाडं, तंटे मिटवणारं न्यायालय, गावाच्या वेशी, हे सारं मठाच्या मालकीचं. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या बाजारगावांची दफ्तरं चाळण्यात माझी बरीच वर्षं गेली; हे दुखणं बेरीइतकं उघडपणे दाखवणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही.

गावाच्या नावातला एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे इंग्लंडच्या पूर्व भागातल्या तेव्हाच्या राज्याचा राजा. ८६९ साली डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या आक्रमकांनी त्याला मारलं. थोड्याच काळात लोक त्याला संत मानू लागले आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा देह बेओडरिक्सवर्थ नावाच्या वस्तीत आणून ठेवण्यात आला. ही वस्ती म्हणजेच पुढचं बेरी. १०२० मध्ये तिथे बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला, आणि तो स्थापन करणारा राजा कॅन्यूट स्वतः डेन होता. ज्यांनी मारलं त्यांच्याच वारसाने देऊळ बांधावं, यात भक्ती किती आणि राज्य टिकवण्याची गरज किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. १०४४ मध्ये एडवर्ड द कन्फेसरने मठाला साडेआठ ‘हंड्रेड’ (आपल्या तालुक्यासारखे कारभाराचे विभाग) इतक्या प्रदेशाचा, म्हणजे जवळजवळ सगळ्या पश्चिम सफोकचा कारभार दिला. एरवी जी कामं राजाचा शेरीफ, म्हणजे परगण्यावरचा अधिकारी, करायचा, ती इथे मठाधिपतीची माणसं करू लागली. गावाच्या चारी दिशांना हद्दीचे क्रूस होते आणि त्यांच्या आत शब्द चाले तो मठाधिपतीचा, म्हणजे ॲबटचा.

गावाला आजचा आकार दिला ॲबट बाल्डविनने. तो मूळचा फ्रेंच, पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठातला साधू आणि एडवर्ड राजाचा वैद्य. १०६५ मध्ये तो ॲबट झाला आणि पुढच्याच वर्षी नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. कितीतरी इंग्रज मठाधिपतींना तेव्हा हा धक्का झेपला नाही. फ्रेंच बोलणारा, विल्यम राजालाही औषधपाणी देणारा बाल्डविन मात्र १०९७ पर्यंत पदावर राहिला. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमीन-मिळकतीच्या मोजदादीत, बेरीची जी नोंद आहे, ती मला त्या सबंध दफ्तरातल्या सर्वांत बोलक्या नोंदींपैकी एक वाटते. नोंद सांगते की, एडवर्डच्या काळी जी जमीन नांगराखाली होती तिच्यावर आता ३४२ घरं उभी आहेत. संताची, ॲबटची आणि साधूंची रोजची सेवा करणारे ७५ जण आहेत: भटारी, दारू गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, झगे शिवणारे, आचारी, हमाल, कारभारी. शिवाय ३० पाद्री आणि कारकून, २८ जोगिणी आणि गोरगरीब, ३४ सरदार-शिलेदार. गावाची किंमत वीस वर्षांत १० पौंडांवरून २० पौंडांवर गेलेली.

त्या ७५ जणांकडे नीट पाहा. हे गाव जगत होतं ते मठाच्या पोटावर आणि मठाच्या अंगावरच्या कपड्यांवर. शंभरेक खाणारी तोंडं, त्यांचे नोकर, त्यात संताच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू, म्हणजे बारमाही गिऱ्हाईक. म्हणून “मठाने गावाला पिळलं” एवढंच म्हणून थांबता येत नाही. मठ नसता तर गावच नसतं, हे गावकऱ्यांनाही ठाऊक होतं. फक्त एकदा गाव उभं राहिल्यावर ते कोणाचं, यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही.

आता सरळ रस्त्यांचं. नांगरलेली मोकळी जमीन हाताशी होती, मालक एकच होता, त्यामुळे बाल्डविनला गाव पट्टीने आखता आलं. रोमन काळानंतर इंग्लंडमध्ये आखून वसवलेल्या गावांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक. चर्चगेट स्ट्रीट हा आखणीचा कणा. त्या रस्त्याच्या वरच्या टोकाला उभं राहिलात तर समोर नॉर्मन टॉवर येतो आणि त्याच रेषेत पलीकडे मठाच्या मोठ्या चर्चचा मध्य. टॉवर नंतरचा, ॲबट अँसेल्मच्या काळातला, ११२० ते ११४८ दरम्यानचा. पण रेषा बाल्डविनची. सुमारे दीडशे मीटर लांबीचं ते चर्च उभं होतं तेव्हा बाजारातून खाली येणाऱ्या माणसाला दुसरीकडे बघायची सोयच ठेवलेली नव्हती.

जुना बाजार बहुधा दक्षिणेला, आजच्या सेंट मेरीज स्क्वेअरच्या जागी भरत असे. पुढे तिथे घोडेबाजार राहिला. नवा मोठा बाजार मात्र वायव्येला, चढावर, आज जिथे कॉर्नहिल आणि बटरमार्केट आहेत तिथे आखला. कोणत्याही इंग्रज बाजारगावात गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. बाजाराच्या मूळ मोकळ्या चौकात मध्येच चिंचोळ्या इमारतींच्या ओळी दिसतात, पुढेही रस्ता आणि मागेही रस्ता, परसू नावालाही नाही. ही एकेकाळची पालं. आधी बाजाराच्या दिवशी मांडून संध्याकाळी काढायच्या फळ्या; मग फळ्या रात्रभर तशाच राहू लागल्या, मग वर छप्पर आलं, मग माडी, आणि मालकाने हरकत घेण्याऐवजी भाडं लावलं. बेरीत कॉर्नहिल आणि बटरमार्केट यांच्या मधला ट्रॅव्हर्सचा पट्टा असाच भरत गेलेला आहे. एकेका धंद्याची एकेक ओळ असे. आजच्या ॲबीगेट स्ट्रीटचा वरचा भाग तेव्हा कुक रो, आचाऱ्यांची ओळ, म्हणून ओळखला जाई. जत्रेची जागा मठासमोरचं एंजल हिल.

मठाची गावावरची पकड कशी चालायची, हे आपल्याला बारीकसारीक तपशिलासह कळतं ते एका साधूमुळे. ब्रेकलंडचा जोसेलिन हा बाराव्या शतकाच्या अखेरीस ॲबट सॅमसनच्या हाताखाली होता आणि त्याने मठातल्या घडामोडी लिहून ठेवल्या. सॅमसन ११८२ ते १२११ ॲबट होता: हिशेबी, तापट, कर्जबाजारी मठाला वर काढणारा. जोसेलिन त्याचा चाहता, पण आंधळा नव्हे. गावकऱ्यांची बाजू मांडणारं असं एकही लिखाण त्या काळातलं आपल्यापाशी नाही. जे आहे ते साधूंनी लिहिलेलं, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.

मठातली दोन पदं गावाशी सतत संबंध असलेली. सॅक्रिस्ट, म्हणजे चर्चच्या देखभालीचा प्रमुख, हा गावाचा धनी. बाजार आणि न्यायालय चालवणारे बेलिफ त्याच्या अधिकाराखाली. सेलरर, म्हणजे मठाची कोठी सांभाळणारा, हा भोवतालच्या शेतीचा धनी. कोठीवाल्याचे हक्क वाचले की गावकऱ्यांच्या कपाळावरची आठी कळते. ॲबट गावात नसेल तेव्हा बाजारात आलेल्या खाण्याच्या जिनसांवर पहिला हात मठासाठी खरेदी करणाऱ्या कोठीवाल्याच्या माणसांचा. रस्त्यांतलं शेण-खत गोळा करण्याचा हक्क, काही घरांपुढची जागा सोडली तर, त्याचाच. पांढरी माती काढायची तरी परवानगी त्याची. आणि दरवर्षी प्रत्येक घरामागे एक पेनी ‘कापणीचा पैसा’, कारण फार पूर्वी गावकरी मठाच्या शेतात कापणीला जात, त्या वेठीच्या बदल्यात.

रक्कम फुटकळ होती. चांदीची एक पेनी. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. पण श्रीमंत घरांना ही पेनी माफ होत गेली आणि वसुली उरली गरिबांकडून. ज्याच्याकडे पैसा नसे त्याच्या घरातली तिवई, भांडी, अगदी दारसुद्धा कोठीवाल्याची माणसं उचलून नेत. जोसेलिन लिहितो की तेव्हा म्हाताऱ्या बायका सूत कातायच्या चात्या उगारून बाहेर येत आणि वसुलीवाल्यांना शिव्याशाप देत. या प्रसंगात साधूंना थोडी गंमत वाटली असावी, पण सॅमसनने त्यातला धोका ओळखला. त्याने घरटी वसुली बंद करून सगळ्या गावाने मिळून वर्षाला २० शिलिंग द्यावेत, असं ठरवलं. चराईसाठी गायीमागे घेतली जाणारी पेनीही अशीच ठोक रकमेत बदलली. मठाच्या दृष्टीने ही फक्त वसुलीची सोय होती. पण “सगळ्या गावाने मिळून” म्हटलं की पैसे गोळा करायला, हिशेब ठेवायला गावाचं काहीतरी मंडळ लागतंच. नकळत सॅमसनने त्याच मंडळाला काम दिलं, ज्याला पुढची दीडशे वर्षं मठ मान्यता नाकारत राहिला.

याच सॅमसनचा दुसरा चेहरा पवनचक्कीच्या प्रकरणात दिसतो. डीन हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने ११९१ च्या सुमारास हॅबरडनच्या माळावर पवनचक्की उभारली. पवनचक्की तेव्हा इंग्लंडमध्ये नवीच होती. तिचे जे सर्वांत जुने उल्लेख सापडतात त्यात हा एक. ॲबटला कळताच तो इतका भडकला की चक्की पाडल्याशिवाय भाकरी खाणार नाही म्हणाला. हर्बर्ट येऊन विनवू लागला: वारा तर सगळ्यांचा, त्याचा फायदा घ्यायला कोणाला मनाई कशी? शिवाय मी फक्त माझंच धान्य दळणार. सॅमसनने ऐकलं नाही. त्याचं म्हणणं असं की गावकरी तुझ्याकडे दळायला धावतील आणि ते स्वतंत्र माणसं असल्याने मला त्यांना कायद्याने अडवताही येणार नाही. हर्बर्टने शिपाई पोहोचायच्या आत स्वतःच चक्की उतरवून ठेवली. सॅमसनच्या युक्तिवादात एक कबुली दडलेली आहे, ती बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते. बेरीचा गावकरी जमिनीशी बांधलेला वेठबिगार नव्हता, हे ॲबट स्वतः मान्य करतोय. त्याला मारून-मुटकून मठाच्या चक्कीवर आणता येत नव्हतं. हाती उपाय एकच, दुसरी चक्की उभीच राहू द्यायची नाही.

बाजाराचंही तेच. १२०१-०२ च्या सुमारास शेजारच्या ईलीच्या मठाने जॉन राजाकडून सनद मिळवून लेकनहीथला बाजार सुरू केला. लेकनहीथ सॅमसनच्या साडेआठ हंड्रेडच्या आत, म्हणजे बेरीच्या बाजाराची गिऱ्हाइकं तिकडे जाणार. आधी पत्रव्यवहार झाला, राजाकडे तक्रार झाली, पैसे मोजले गेले. शेवटी सॅमसनने आपल्या बेलिफांना हुकूम दिला आणि मध्यरात्री जवळजवळ सहाशे हत्यारबंद माणसं लेकनहीथवर गेली. बाजारवाले आधीच पळाले होते. मग या फौजेने खाटकांची दुकानं उलथली, फळ्या आणि मेजं उचलली आणि गुरं-मेंढरं हाकत परत आली. साधूंच्या मठाने साधूंच्या मठाचा आठवडी बाजार लुटला, तोही कायद्याचा हवाला देऊन! यावर हसू येतं खरं, पण जवळचा दुसरा बाजार जुन्या बाजाराला मारतो ही तेव्हाच्या कायद्याचीही समजूत होती, आणि अशा तक्रारींची सुनावणी राजाच्या न्यायालयांत नेहमी होत असे. सहाशे माणसांनी ती सुनावणी स्वतःच उरकली एवढाच फरक.

लंडनच्या व्यापाऱ्यांपुढे मात्र सॅमसनला नमतं घ्यावं लागलं. राजाने आम्हाला सगळ्या इंग्लंडभर जकात माफ केली आहे, असं ते म्हणायचे. आमचा हक्क एडवर्ड द कन्फेसरने दिलेला, त्याहून जुना, तेव्हा नंतरच्या राजाला तो माफ करताच येत नाही, हे ॲबटचं उत्तर. लंडनवाल्यांनी दोन वर्षं बेरीच्या जत्रेकडे पाठ फिरवली. जत्रा ओस पडली, सॅक्रिस्टची दानपेटी हलकी झाली. अखेर तडजोड अशी झाली की त्यांनी जकात द्यायची आणि ती जागच्या जागी त्यांना परत करायची. दोघांचाही हक्क शाबूत! मध्ययुगीन कायदा कसा चालायचा हे विद्यार्थ्यांना समजावताना मी हाच किस्सा सांगतो.

सॅमसनच्या काळाची एक काळी बाजू आहे. आधीच्या ॲबटच्या ढिसाळ कारभाराने मठावर हजार पौंडांवर कर्ज चढलं होतं आणि त्यातला मोठा भाग ज्यू सावकारांचा होता. ११८१ मध्ये गावात रॉबर्ट नावाचा एक मुलगा मेला आणि त्याला ज्यूंनी मारलं अशी खोटी आवई उठली. मठाने त्या मुलाची कबर पूजेला लावली. १८ मार्च ११९० रोजी, पाम संडेला, गावात ५७ ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी सॅमसनने उरलेल्यांना राजाच्या परवानगीने गावाबाहेर काढलं. कारण त्याने असं दिलं की गावात जे काही आहे ते संताचं, आणि ज्यू तर राजाची माणसं. जोसेलिन हे ॲबटचं मोठं पुण्यकर्म म्हणून नोंदवतो. कॉर्नहिलवरचं मॉयसेस हॉल हे साधारण ११८० चं दगडी घर कोणा ज्यू व्यापाऱ्याचं होतं असं परंपरेने सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही. पण त्या काळात बाजाराच्या तोंडावर दगडी घर बांधणारा माणूस कोणीही असो, त्याच्याकडे पैसा होता आणि तो जपण्याची त्याला काळजी होती, एवढं ते घर सांगतं.

दरम्यान गाव वाढत होतं. मठातच कुरकुर सुरू झाली होती की देशातल्या सगळ्या गावांचं उत्पन्न वाढतंय आणि आमच्या गावाचा मक्ता तेवढा ४० पौंडांवर अडकलाय. गावकरी बाजारात दुकानं, पालं, गाळे वाढवत आहेत आणि आमच्या हाती काही येत नाही. साधूंना उत्पन्न हवं होतं. गावकऱ्यांना हवं होतं ते राजाच्या मालकीच्या गावांना मिळत असलेलं: स्वतःचं व्यापारी गिल्ड, म्हणजे व्यापाऱ्यांचं मंडळ, स्वतः निवडलेला आल्डरमन, म्हणजे गावाचा प्रमुख, वेशींच्या किल्ल्या. आल्डरमन ते निवडत असत, पण मठाच्या संमतीशिवाय त्याला पदावर बसता येत नव्हतं. १२६४ मध्ये राजा आणि सरदार एकमेकांशी लढत असताना इथल्या तरुणांनी आपलं वेगळं गिल्ड काढून दंगा केला. तो शमला. १३०४ मध्ये राजाच्या न्यायाधीशांसमोर प्रश्न आला तेव्हा निकाल मठाच्या बाजूने गेला: बेरीत व्यापारी गिल्ड नाही आणि नव्हतं.

मग १३२६ च्या सप्टेंबरात राणी इझाबेला नवऱ्याविरुद्ध फौज घेऊन सफोकच्या किनाऱ्यावर उतरली आणि बेरीतूनच पुढे गेली. जानेवारीत तिच्या नवऱ्याला, राजा दुसऱ्या एडवर्डला गादीवरून काढण्यात आलं. वरची सत्ता डळमळली की खाली जुने हिशेब निघतात; त्याच सुमारास सेंट अल्बन्स आणि ॲबिंग्डन या मठांच्या गावांतही उठाव झाले. जानेवारी १३२७ च्या मध्याला बेरीचे लोक मठात घुसले. त्यांनी साधूंना मारहाण केली, प्रायरला, म्हणजे ॲबटच्या हाताखालच्या मुख्य साधूला, डांबलं, दागिने आणि भांडी नेली. पण त्यांना सर्वांत जास्त हवे होते ते कागद. सनदा, करारनामे, कर्जखतं शोधून पळवण्यात आली. ॲबट रिचर्ड ऑफ ड्रॉटन लंडनहून परतला तेव्हा त्याच्याकडून नव्या सनदेवर शिक्का उमटवून घेतला: गावाला गिल्ड, गावाला मंडळ, वेशींचा ताबा गावाकडे. ॲबट पुन्हा लंडनला पोहोचला आणि सक्तीने घेतलेली सनद आपल्याला मान्य नाही म्हणाला. मग वर्षभर आगडोंब. ऑक्टोबरात मठाचा बराच भाग जाळला गेला. गावकऱ्यांच्या बाजूने फ्रान्सिस्कन भिक्षूही उभे होते, याचं नवल वाटू नये. साठेक वर्षांपूर्वी याच मठाने त्यांना गावातून हुसकून बॅबवेलला घालवलं होतं.

१३२८ मध्ये काही जणांनी ॲबटला चेव्हिंग्टनच्या त्याच्या वाड्यातून उचललं, लंडनमध्ये लपवलं आणि समुद्रापार ब्राबंटमधल्या डीस्ट गावी नेऊन ठेवलं. तो पुढच्या वर्षी सुटला. १३३१ मध्ये समझोता झाला. न्यायालयाने नुकसानभरपाई ठरवली होती १,४०,००० पौंड. हा आकडा राजाच्या वर्षाच्या नेहमीच्या उत्पन्नाहूनही मोठा आहे, तेव्हा त्याला खरी मोजदाद समजू नये. तो धाक होता. समझोत्यात तो २,००० मार्कांवर आला, तेही हप्त्यांनी. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. गिल्ड गेलं, सनद रद्द झाली. आणि मठाने नवा दरवाजा बांधायला घेतला. बाहेरून नक्षी आणि मूर्तींचे कोनाडे. त्या कोनाड्यांच्या मागे बाण सोडायच्या फटी, आणि वरून खाली पडणारी लोखंडी जाळी. तुम्ही पाहिलात तो हाच.

१३८१ च्या शेतकरी उठावात पुन्हा स्फोट झाला, आणि तो अधिक रक्तरंजित. जॉन रॉ नावाच्या पाद्र्याच्या नेतृत्वाखाली जमाव आला. मुख्य न्यायाधीश सर जॉन कॅव्हेंडिशला १४ जूनला लेकनहीथजवळ गाठून मारलं, दुसऱ्या दिवशी प्रायर जॉन ऑफ केंब्रिजला मिल्डनहॉलजवळ. ॲबटपदाचा तेव्हा वाद चालू होता, त्यामुळे मठाचा कारभार या प्रायरकडेच होता. दोघांची मुंडकी भाल्यांवर बाजारात आणली, एकमेकांशी कुजबुजल्यासारखी, मुका घेतल्यासारखी धरली आणि खोड्याच्या खांबावर लावली. जमावाने मठाकडे कॅन्यूट राजाने गावाला दिलेल्या सनदा मागितल्या. अशा सनदा कधी नव्हत्याच. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजाने आपल्याला हक्क दिले होते आणि ते साधूंनी दडवून ठेवलेत, असं लोक मनापासून मानत होते. सॅमसननेही लंडनवाल्यांपुढे जुन्या राजाचाच दाखला दिला होता, तेव्हा गावाने हा धडा मठाकडूनच घेतला म्हणायला हरकत नाही. राजाच्या सर्वसाधारण माफीतून बेरी वगळलं गेलं आणि गावाला पुन्हा २,००० मार्क दंड झाला. गावातल्या धनिकांनी स्वतः मागे राहून रॉच्या माणसांना पुढे केलं असावं, असं मला वाटतं. दंड भरायची वेळ आली तेव्हा मात्र ते पुढे होते.

यानंतर मारामारी जवळजवळ थांबते, आणि मला व्यक्तिशः बेरीच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग इथून पुढे वाटतो, जरी प्रवासी पुस्तिकांत तो दोन ओळींत उरकतात. पंधराव्या शतकात कापडाच्या धंद्याने गावात पैसा आला. जॉन बॅरेटसारखे कापडवाले सेंट मेरी चर्चमध्ये स्वतःच्या थडग्यावर छत रंगवून घेत होते, त्यात आरसे बसवत होते. व्यापारी गिल्ड काढायला बंदी होती, पण पूजाअर्चेसाठी, मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायला गिल्ड काढायला कोणाची हरकत असणार? कँडलमास गिल्ड हे असं धार्मिक मंडळ. गावातले सगळे वजनदार लोक त्यात. मिळकती मंडळाच्या नावे, बैठका गिल्डहॉलमध्ये.

प्रत्येक नवा ॲबट निवडला गेला की गावाने त्याला १०० मार्क द्यायचे, असा शिरस्ता होता. जंकिन स्मिथ नावाच्या धनवान गावकऱ्याने आपल्या जमिनी विश्वस्तांकडे सोपवल्या, त्या उत्पन्नातून ही रक्कम परस्पर भरली जावी म्हणून. तो १४८१ मध्ये वारला. मठाला त्याचे पैसे मिळाले, तक्रारीला जागा उरली नाही. आणि गावाकडे मात्र कायमची मिळकत, विश्वस्त आणि हिशेबाच्या वह्या आल्या. चात्या उगारून आणि दरवाजे फोडून जे मिळालं नाही, ते मृत्युपत्राने मिळालं. स्मिथच्या नावाची प्रार्थना बेरीत आजही दरवर्षी होते.

४ नोव्हेंबर १५३९ रोजी मठ, देशातले मठ बंद करत निघालेल्या आठव्या हेन्री राजाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेला. शेवटचा ॲबट जॉन रीव्ह काही महिन्यांतच वारला. दगड लोकांनी नेले. चर्चच्या पश्चिम दर्शनी भिंतीच्या पोकळीत पुढे घरंच बांधली गेली, ती तुम्ही पाहिली असतील. वाटेल की आता तरी गाव मोकळं झालं. तसं झालं नाही. मठाचे हक्क राजाकडे गेले आणि गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती थेट १६०६ मध्ये, पहिल्या जेम्सच्या सनदेने. पुढे १६०८ आणि १६१४ मध्ये आणखी दोन सनदा आल्या. मधली सदुसष्ट वर्षं गावाचा व्यवहार पाहिला तो त्या गिल्डहॉलच्या विश्वस्तांनी.

आता पेठांचा प्रश्न. साम्य आहे. मराठी मुलखात पेठ वसवताना सरकार कौल देई, सुरुवातीची काही वर्षं करात सूट मिळे, बाजाराची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. बाजार कोणीही कुठेही भरवू शकत नाही, तो वरून मिळालेला हक्क आहे, ही कल्पना दोन्हीकडे सारखी. फरक असा की शेटे-महाजनकी वतन होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. बेरीचा आल्डरमन गावकऱ्यांनी निवडायचा होता आणि म्हणूनच तो कोणाच्या संमतीने बसतो यावर डोकी फुटली.

सगळीच इंग्रज बाजारगावं अशी भांडली नाहीत, हेही सांगायला हवं. बेरीपासून साधारण चाळीस किलोमीटरवरचं इप्सविच राजाचं गाव होतं. १२०० साली जॉन राजाने सनद दिली आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी चर्चच्या आवारात जमून आपले बेलिफ निवडले. बेरीच्या व्यापाऱ्यांना इप्सविचला जाता-येता ते दिसत होतं. दुसरीकडे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन. ११९६ मध्ये वूस्टरच्या बिशपने तिथे बाजाराची सनद मिळवली, सुमारे ५८ फूट रुंद आणि १९८ फूट लांब असे सारखे भूखंड पाडले आणि प्रत्येकी वर्षाला १२ पेन्स भाडं ठेवलं. पन्नासेक वर्षांत त्यातले जवळपास अडीचशे भूखंड भरले होते. धनी बिशप असला तरी तो गावात राहत नव्हता. त्याचं स्वयंपाकघर गावच्या बाजारावर चालत नव्हतं की त्याचा कोठीवाला रोज सकाळी मासळीवर पहिला हात टाकत नव्हता. तिथेही गावाचा कारभार एका धार्मिक गिल्डनेच वाढवला, आणि गिल्ड बंद झाल्यावर १५५३ मध्ये नगरपालिकेची सनद मिळाली, बेरीच्या त्रेपन्न वर्षं आधी.